मोटारीला पंख कशासाठी?



काल याच व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीतील उपमांवर रसाळ व्याख्यान झाले. त्या रसातून आपणांस ओढून आज मोटारीच्या शेपटीकडे नेणे हा थोडा अत्याचारच आहे. पण त्याचा दोष व्याख्यानमालेच्या चालकांकडे. आपल्या गावची दोन मुले अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतात आणि 'फॉर्म्युला भारत' या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या तुकडीत आहेत. सुटीत त्यांनी घरच्या पडवीत पंखांचे साचे मांडले, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना प्रश्न पडला की पोरे मोटार उडवणार आहेत की काय. त्याचा उलगडा करावा म्हणून आम्हांला येथे उभे केले आहे.

उलगडा एका वाक्यात होतो. हा पंख विमानाचाच, पण उलटा बसवलेला असतो. तो मोटार उचलीत नाही, जमिनीवर दाबून धरतो. एस. टी.च्या खिडकीतून हात बाहेर काढू नये अशी सूचना लिहिलेली असते आणि लहानपणी प्रत्येकाने ती मोडलेली असते. तळहात आडवा धरून त्याची पुढची कड किंचित खाली झुकवली की वारा हात खाली रेटतो. शर्यतीच्या मोटारीचा पंख म्हणजे तोच हात. मात्र तो किती मोठा असावा, एकसंध असावा की दोनतीन तुकड्यांचा, हे ठरवू लागले की प्रकरण वाटते तितके सोपे राहत नाही.

प्रथम हा रेटा हवा कशाला ते पाहू. मोटार वळते ती टायर जमिनीला घट्ट धरतात म्हणून. टायरवर भार जितका अधिक तितकी पकड अधिक. मग कोणी म्हणेल, गाडीत वाळूची पोती टाका! पोत्यांनी पकड वाढेल खरी, पण ती पोतीही वळणावर गाडीबरोबर वळवावी लागतील, आणि मिळालेली पकड त्यातच खर्च होईल. वाऱ्याचा रेटा हे असे ओझे आहे की जे टायरवर पडते, पण वळवावे लागत नाही. पंखाची सारी किमया एवढ्यात आहे.

आता छोट्या गोलातील शर्यतींकडे वळू. अमेरिकेत गावोगावी एक मैलाहून कमी लांबीचे लंबगोल मार्ग आहेत. काही डांबरी, काही निव्वळ चिकणमातीचे. आयोवा राज्यातील नॉक्सव्हिल येथे अर्ध्या मैलाचा मातीचा मार्ग आहे आणि १९६१ पासून तेथे मोठी वार्षिक शर्यत भरते. तेथल्या 'स्प्रिंट' गाड्या चालकासह साडेसहाशे किलोंच्या आसपास, पण इंजिन सुमारे नऊशे अश्वशक्तीचे. डोक्यावर २५ चौरस फुटांचा पंख असतो. आपल्याकडच्या एखाद्या पानपट्टीच्या छपराएवढा. अशी गाडी एक फेरी पंधरा सेकंदांच्या आसपास पुरी करते, म्हणजे सरासरी वेग ताशी १९० किलोमीटरांच्या घरात. न्यूयॉर्क राज्यात ऑस्वीगो येथे पाच अष्टमांश मैलाचा डांबरी मार्ग आहे. तेथल्या 'सुपरमॉडिफाइड' गाड्यांची इंजिने डाव्या अंगाला टांगलेली असतात, कारण वळावयाचे ते नेहमी डावीकडेच. याच जातीच्या गाड्यांवर कलता पंखही बसवतात. सरळ भागात वेग वाढला की वारा त्याला मागे दाबून आडवा करतो, आणि वळणापाशी वेग उतरला की तो आपोआप पुन्हा उभा राहतो. गरज असेल तेव्हाच पाठ ताठ करणारा असा सेवक आम्ही माणसांतही क्वचित पाहिला आहे.

या मार्गांवर सरळ भाग थोडा आणि वळण फार. म्हणून शर्यत वळणात जिंकली जाते. परंतु वळणातच वेग कमी असतो, आणि पंखाची अडचण नेमकी तेथे आहे. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग निम्मा झाला की रेटा चतकोर उरतो. रेटा ठरवणाऱ्या गोष्टी चार: हवेची घनता, वेगाचा वर्ग, पंखाचे क्षेत्रफळ आणि पंखाच्या घडणीचा गुणांक. घनता निसर्गाच्या हाती, वेग वळणाच्या हाती, क्षेत्रफळ नियम करणाऱ्या मंडळाच्या हाती. कारागिराच्या हाती एक गुणांक राहिला. एकसंध पंखाऐवजी तुकड्यांचा पंख करण्याचा खटाटोप या गुणांकासाठी आहे.

याने मिळते किती, ते कागदावर मांडून पाहू. चालकासह ७०० किलोंची एक गाडी घ्या. सपाट डांबरी मार्ग, वळणाची त्रिज्या ६० मीटर, टायरची पकड भाराच्या १.२ पट. पंखावाचून ही गाडी वळणात ताशी ९६ किलोमीटरपर्यंत टिकेल. मागे दीड मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद असा एकसंध पंख बसवा आणि त्याचा गुणांक १.२ धरा, वेग १०१ होतो. त्याच चौकटीत तुकड्यांचा, २.२ गुणांकाचा पंख बसवा. वेग १०६ होतो. आपण म्हणाल, पाच किलोमीटरांसाठी एवढा आटापिटा? पण अर्धवर्तुळ पार करण्याचा वेळ काढला तर एकसंध पंखाने ६.७ सेकंद लागतात आणि तुकड्यांच्या पंखाने ६.४. फेरीत अशी वळणे दोन. तीस फेऱ्यांची शर्यत असेल तर फरक अठरा-एकोणीस सेकंदांचा, आणि तेवढ्यात पुढची गाडी एक संपूर्ण फेरी अधिक मारते. वळणातला हा रेटा भरतो सुमारे १५७ किलो. दोन सुखवस्तू गृहस्थ पंखावर बसल्यासारखे, पण ज्यांना वळवावे लागत नाही असे.

किंमत मात्र चुकवावी लागतेच. पंख वाऱ्याला अडवतो आणि त्यासाठी इंजिनाची शक्ती खर्ची पडते. आमच्या या पंखाला ताशी १६० किलोमीटरला ६५-६८ अश्वशक्ती लागेल. छोट्या गोलातील दांडग्या इंजिनाला तो खर्च जाणवतही नाही. पण ही शक्ती वेगाच्या घनाने वाढते. तोच पंख ताशी ३२० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीवर नेला तर एकटा पंखच पाचशेहून अधिक अश्वशक्ती खाऊन बसेल. म्हणून लांब सरळ मार्गांवर पंख बेतानेच वापरतात आणि लहान मार्गांवर त्याला हात आखडता घेत नाहीत. जेथे वेग थोडा तेथे पंख थोर, हे प्रथम ऐकताना उलटे वाटते, पण हिशेब तसाच आहे.

आता मूळ प्रश्न. तुकडे केल्याने गुणांक का वाढतो? एकसंध पंखच अधिक वाकवून, अधिक तिरपा करून का भागत नाही?

पंखाच्या खालच्या अंगाला वारा वेगाने धावतो आणि तेथे हवेचा दाब उतरतो. वरचा दाब जास्त, खालचा कमी, म्हणून पंख खाली खेचला जातो. (वरचा आणि खालचा वारा मागच्या कडेला एकाच वेळी पोहोचला पाहिजे म्हणून एकाला पळावे लागते, असे जे काही क्रमिक पुस्तकांत छापतात ते खोटे आहे, तसा करार वाऱ्याने कोणाशी केलेला नाही.) मागच्या कडेकडे जाताना मात्र या वाऱ्याला कमी दाबातून पुन्हा जास्त दाबात शिरावे लागते. सायकलवाला उतारावरून भरधाव यावा आणि पुढे त्याच वेगाच्या जोरावर घाट चढू लागावा, तसे हे आहे. वेग असेल तोवर चढेल. पण पंखाच्या पृष्ठभागाला चिकटून चालणारा हवेचा पातळ थर, ज्याला सीमास्तर म्हणतात, तो घर्षणाने आधीच दमलेला असतो. घाट फार उभा केला तर हा दमलेला थर मध्येच थांबतो, मागे फिरतो, आणि सगळा प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो. रेटा तेथेच ढासळतो. एकसंध पंख अधिक तिरपा करण्याला ही मर्यादा आहे.

यावरचा उपाय विमानवाल्यांनी शोधला, आणि त्याचा उगम एका अपघातात आहे. गुस्ताव लाखमान नावाचा तरुण जर्मन वैमानिक पहिल्या महायुद्धात, पंखावरचा प्रवाह असाच सुटल्यामुळे, विमानासह कोसळला. दवाखान्यात पडल्या पडल्या त्याला सुचले की पंखाला लांबट फट पाडली तर प्रवाह सुटणार नाही. १९१८ साली त्याने अर्ज केला, तो जर्मन पेटंट कचेरीने प्रथम नाकारला. फट पाडल्याने पंख सुधारतो हे कचेरीला पटेना, यात नवल नाही. भांड्याला चीर गेली तर आपण ते कल्हईवाल्याकडे नेतो. पुढे गॉटिंगेन येथे प्रांट्ल यांच्या प्रयोगशाळेत चाचणी होऊन कल्पना खरी ठरली. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हँडली पेज यांनी स्वतंत्रपणे तीच गोष्ट साधली होती, आणि लाखमान पुढे त्यांच्याच कारखान्यात नोकरीला गेला. आज विमान उतरताना पंखाजवळच्या खिडकीत बसलेल्या प्रवाशाला पंखाच्या मागून झडपा सरकत बाहेर येताना आणि मध्ये फटी उघडताना दिसतात, त्या याच घराण्यातल्या.

फट काम का करते, याचे लोकप्रिय उत्तर असे की फटीतून ताज्या हवेचा जोरदार झोत येतो आणि दमलेल्या थराला ढकलून पुढे नेतो. हे उत्तर कित्येक वर्षे पुस्तकांतून चालले. डग्लस विमान कारखान्यातील ए. एम. ओ. स्मिथ यांनी १९७४ च्या राइट बंधू व्याख्यानात त्याचे परखड परीक्षण केले. फटीतून येणाऱ्या हवेजवळ बाहेरच्या वाऱ्याहून अधिक शक्ती आलीच कोठून? फट म्हणजे काही भाता नव्हे. खरे कारण तुकड्यांनी एकमेकांवर केलेला परिणाम हे आहे.

मुख्य पंखामागे झडप अशी बसवतात की मुख्य पंखाची मागची कड झडपेच्या नाकाशी, म्हणजे जेथे वारा फार वेगात असतो तेथे येते. त्यामुळे मुख्य पंखाखालच्या वाऱ्याला घाटाच्या माथ्यापर्यंत चढावेच लागत नाही. अर्ध्या वाटेवरच, वेग शिल्लक असताना, त्याला सुटका मिळते. उलट, पुढे असलेल्या मुख्य पंखाचा प्रभाव झडपेच्या नाकावर पडून तिच्यावरचा दाबाचा खड्डा उथळ होतो आणि तिचाही घाट सौम्य होतो. शिवाय झडपेवर सीमास्तर नव्याने सुरू होतो. जुन्या डाकेत टप्प्याटप्प्याला घोडा बदलीत, तसा दमलेला थर मागे टाकून प्रत्येक तुकडा ताज्या दमाने निघतो. मागे टाकलेला तो थर उरलेली चढण पृष्ठभागापासून दूर, मोकळ्या हवेत चढतो, आणि भिंतीला घासत चढण्यापेक्षा ते सोपे जाते.

हे समजले की फटीचे माप का जपावे लागते तेही समजते. फट फार अरुंद ठेवली तर मुख्य पंखाचा दमलेला थर आणि झडपेचा ताजा थर एकमेकांत मिसळतात, आणि दोन पंख असून एकाच वाईट पंखासारखे वागतात. फार रुंद ठेवली तर दोघांचे नाते तुटते. एकूण रुंदीच्या एक ते दोन टक्के हे साधारण माप. आमच्या ९० सेंटिमीटरच्या पंखाला दहा ते अठरा मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या जाडीची. गाडीचा शेकडो किलोंचा कारभार या बोटभर मोकळ्या जागेवर चालतो! रुंदीचा सुमारे दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश भाग मुख्य पंखाला आणि उरलेला झडपेला द्यावा, मुख्य पंखाची मागची कड पातळ आणि झडपेचे नाक गोल ठेवावे, आणि झडपेचा कोन तिशीच्या आसपास धरून सुरुवात करावी. सुरुवात म्हणतो ती जाणूनबुजून. बाजूच्या पाट्यांना एकच भोक न पाडता भोकांच्या ओळी पाडाव्यात, म्हणजे कोन आणि फट दोन्ही बदलून पाहता येतात. आज संगणकावर प्रवाहाची गणिते घरबसल्या होतात आणि ती अवश्य करावीत. पण पंखाच्या खालच्या अंगाला लोकरीचे बोटबोटभर धागे चिकटवून गाडी पळवावी आणि शेजारच्या गाडीतून त्यांचे चित्र घ्यावे, याला आम्ही अजून अधिक मानतो. धागे शांत मागे पडले असतील तर प्रवाह चिकटलेला आहे; फडफडू लागले, उलटे वळले, की तेथे तो सुटला.

मग दोनच तुकडे का, सात का नकोत? हँडली पेज यांनी पंखाचे पुष्कळ तुकडे करूनही पाहिले होते. पण तुकडा जितका लहान आणि वेग जितका कमी, तितका हवेचा चिकटपणा वरचढ होतो. वीस सेंटिमीटरच्या झडपेला वळणातला वेग कसाबसा पुरतो. तिचे पुन्हा तुकडे केले की प्रवाह प्रत्येकावर आपला बुडबुडा धरून बसतो. छोट्या गोलासाठी दोन, फार तर तीन तुकडे, असे आमचे मत आहे. आणि मातीच्या मार्गावर एकसुद्धा फट आम्ही ठेवणार नाही. पहिल्या पाच फेऱ्यांतच चिखलाचे गोळे उडून ती बुजेल, आणि बुजलेल्या फटीचा पंख हा एकसंध पंखाहूनही वाईट. तेथे एकसंध पंखाच्या मागच्या कडेला काटकोनात उभी केलेली छोटी पट्टी बरी. १९७१ साली फीनिक्स येथे बॉबी अन्सर चाचणी करीत असताना डॅन गर्नी यांनी ती लावली, आणि तेव्हापासून ती त्यांच्या नावाने चालते. रुंदीच्या एक-दोन टक्के उंचीची पट्टी, पण रेटा चांगला वाढवते. सुतारालाही अर्ध्या तासात जमेल.

पंख शेपटीला लावला म्हणून सारा हिशेब शेपटीतच संपतो असे मात्र समजू नये. आमच्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २.६ मीटर धरा आणि पंख मागच्या आसाच्याही ४० सेंटिमीटर मागे. वळणातला १५७ किलोंचा रेटा तरफेसारखा काम करून पुढच्या चाकांवरचा भार सुमारे २४ किलोंनी हलका करील. शिवाय पंख सव्वा मीटरच्या आत-बाहेर उंचीवर असल्याने त्याला मागे ओढणारा वाराही पुढची बाजू उचलायला पाहतो. आणखी वीसेक किलो गेले. मागची चाके जमिनीला खिळलेली आणि पुढची ऐकत नाहीत, अशी गाडी वळणात सरळ भिंतीकडे निघते. म्हणून मागचा पंख जोरदार करावयाचा तर पुढेही रेट्याची सोय हवी, किंवा पंख पुढे सरकवायला हवा. स्प्रिंट गाडीचा पंख शेपटीवर नसून चालकाच्या डोक्यावर असतो, त्याचे एक कारण हे. नाही तर मागचा पंख मुद्दाम थोडा दुबळा करावा. हे विद्यार्थ्यांना सर्वांत जड जाते. एवढ्या श्रमाने मिळवलेला रेटा स्वतःच कमी करायचा!

वाऱ्याचा आणखी एक लहरीपणा असा की पुढे दुसरी गाडी असली तर आपल्या पंखाला ढवळलेला, मंदावलेला वारा मिळतो. छोट्या गोलात सदैव कोणी तरी पुढे असतेच. एकट्याने चालवताना हाताला लागलेली गाडी गर्दीत शिरल्यावर अचानक परकी वाटते. तेव्हा झडपेचा कोन शेवटच्या अंशापर्यंत ताणू नये. प्रवाह हळूहळू सुटणारा पंख आम्हांला चालेल; एकदम सुटणारा, मग त्याचा गुणांक कितीही मोठा असो, चालणार नाही. एकदम सुटला तर चालकाला सावरायला वेळच मिळत नाही.

मोटारीवर पंख ही कल्पना तशी जुनी. १९५६ साली मायकेल मे या तरुण अभियंत्याने आपल्या पोर्शे गाडीवर चालकाच्या डोक्यावर पंख उभारून ती न्यूर्बुर्गरिंगला आणली. मागच्या चालकांना पुढचे दिसणार नाही म्हणून तपासनिसांनी तो काढायला लावला. १९६६ मध्ये टेक्ससच्या जिम हॉल यांनी चॅपराल गाडीवर उंच खांबांवर पंख बसवला. तो चालक पायाने आडवा-उभा करू शके, आणि त्याचा भार गाडीच्या सांगाड्यावर न पडता थेट चाकांच्या आधारावर पडे. कल्पना उत्तम होती. तिची नक्कल करणाऱ्यांनी मात्र खांब बारीक केले, पंख रुंद केले. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या मोंटजुइक मार्गावर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्या लोटस गाड्यांचे पंख उंचवट्यापाशी एकाच ठिकाणी मोडले आणि दोन्ही गाड्या कठड्यावर आदळल्या. रिंट जखमी झाला. त्याच महिन्यात मोनॅकोच्या शर्यतीच्या वेळी उंच पंखांवर बंदी आली. त्या पंखांची गणिते चुकली नव्हती. चुकले ते त्यांचे खांब.

म्हणून या दोन मुलांना आणि त्यांच्या तुकडीला आमचे सांगणे एवढेच की, गुणांकाच्या गणिताला जितक्या रात्री दिल्या त्यातली निदान एक खांबांना द्यावी. आमच्या कागदावरच्या पंखावर ताशी १६० किलोमीटरला साडेतीनशे किलोंहून थोडा अधिक रेटा येतो, आणि त्याखेरीज सव्वाशेच्या आतबाहेर किलो मागे ओढतात. गाडी घसरून उलट तोंडाने फिरली तर हाच पंख वर उचलला जाऊ शकतो, म्हणून खांब केवळ दाबाला टिकून भागत नाही, ताणालाही टिकला पाहिजे. तुम्ही आपल्या पंखाचा हिशेब असाच मांडा आणि येईल त्याच्या दुप्पट भार घ्या. आमच्या पंखाला सातशे किलो म्हणजे पन्नास किलोंच्या चौदा गोण्या. पंख पडवीतच गाडीवर चढवा, एकेक गोणी सारखी पसरून ठेवा, दोन्ही टोकांना दोरी ताणून पंख किती वाकतो ते प्रत्येक गोणीनंतर लिहून ठेवा, आणि गोण्या उतरवल्यावर तो मूळ रेघेवर परत येतो की नाही ते पाहा. मग खांबांना दोराने मागे ओढून तेच करा, आणि शेवटी पंखाला खालून जॅक लावून वर रेटून पाहा. फट पुन्हा मोजा. सकाळी बारा मिलिमीटर असलेली फट संध्याकाळी पंधरा भरली, तर खांब बदला.